खाणकामगारांची पॅस्टी पबमध्ये कशी आली

इंग्लंडमधल्या साध्या, गजबजलेल्या पबमध्ये दुपारी जेवायला गेलं की फळ्यावर खडूने लिहिलेल्या यादीत बऱ्याचदा पॅस्टी, म्हणजे मांस-बटाट्याचं सारण भरून भाजलेली मोठ्या करंजीसारखी पेस्ट्री, सापडते. काउंटरवर जाऊन सांगायचं, तिथेच पैसे चुकते करायचे आणि टेबलाचा नंबर घेऊन बसायचं. थोड्या वेळाने गरम पॅस्टी येते. सोबत चिप्स, म्हणजे बटाट्याचे तळलेले जाड तुकडे, असतात, एखाद्या ठिकाणी वर ग्रेव्हीही ओतलेली असते. पाहुण्याला वाटतं, हे शेकडो वर्षांपासूनचं इंग्रजी जेवण. पॅस्टी जुनी आहे, पबही जुना आहे. पण दोघांची ही सोयरीक मात्र अलीकडची. आजची पॅस्टी ज्यांच्या घरी घडली त्यांना कामावर ना ताटली मिळायची ना टेबल, आणि त्यांच्यातल्या कित्येकांनी तर दारूला न शिवण्याची शपथ घेतलेली होती.

मध्ययुगात पॅस्टी हा श्रीमंतांचा पदार्थ होता. जाड पिठाच्या आवरणात हरणाचं मांस भाजलेलं असायचं. 2006 साली इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या डेव्हन परगण्यातल्या एका इतिहासकाराला प्लिमथ शहराच्या 1510 च्या हिशेबात पॅस्टीची नोंद सापडली आणि ‘पॅस्टी मूळची आमची’ असं म्हणायला डेव्हनकरांना निमित्त मिळालं. टेमर नदीपलीकडच्या शेजारच्या कॉर्नवॉल परगण्याला ते अजिबात रुचलं नाही. मला या भांडणात फारसा अर्थ दिसत नाही. 1510 च्या त्या पॅस्टीत बटाटा असणं शक्यच नव्हतं. आपण जी पॅस्टी ओळखतो ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकात आकाराला आली; बटाटा गरिबांच्या चुलीपर्यंत पोचला आणि कॉर्नवॉलमधल्या तांब्याच्या व कथलाच्या खाणी खोल खोल जात राहिल्या, तेव्हा.

कॅम्बोर्नजवळची डोलकोथ ही खाण तीन हजार फुटांच्याही खाली गेली होती. सुरुवातीला कामगार शिड्यांवरून चढउतार करत. दिवसभर पहार चालवल्यावर अंधारात तासभर शिड्या चढून वर यायचं, तेव्हा कुठे सुट्टी. 1842 मध्ये ट्रेसाव्हियन खाणीत ‘मॅन इंजिन’ बसलं. वरखाली हलणाऱ्या लांबलचक दांड्याला पायऱ्या लावलेल्या, त्यांवर पाय ठेवून माणूस टप्प्याटप्प्याने खाली-वर जायचा. तरीही मधल्या जेवणासाठी एवढ्या खोलातून कोण वर येणार? त्यामुळे जेवण सोबत न्यावं लागे. ते सांडणारं नसावं, एका हातात मावावं, पोट भरावं आणि खिशात दबलं तरी फुटू नये. पॅस्टीत हे सगळं जमून येतं. कुणाची कोणती हे कळावं म्हणून घरची बाई एका टोकाला नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाची आद्याक्षरं पिठाचीच करून लावायची.

करण्याची रीत बघितली तर आपल्याला परकी वाटणार नाही. पिठाची गोल पोळी लाटायची, अर्ध्या भागावर सारण पसरायचं, दुमडून अर्धचंद्र करायचा आणि कडेला करंजीसारखी मुरड घालायची. सारण मात्र कच्चंच भरतात. बीफचे लहान तुकडे, बटाट्याच्या पातळ चकत्या, कांदा आणि स्वीड नावाचा सलगमच्या जातीचा पिवळसर कंद. मसाला म्हणजे मीठ आणि हात सैल सोडून घातलेली मिरपूड, बस्स. मग मंद आचेवर सावकाश भाजायची. मांसाचा आणि कांद्याचा रस आतल्या आत बटाट्यात मुरतो, म्हणूनच चांगल्या पॅस्टीला वरून ग्रेव्हीची गरज लागत नाही. ग्रेव्ही हा पबवाल्यांचा सोस आहे आणि त्याने खुसखुशीत आवरणाचा लगदा होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाड मुरडीबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. खाणीत हाताला विषारी आर्सेनिक लागायचं, म्हणून कामगार मुरडीला धरून पॅस्टी खात आणि ती कड शेवटी टाकून देत. गोष्ट ऐकायला छान आहे, पण पुरावा वेगळं सांगतो. जे. सी. बरो या छायाचित्रकाराने 1890 च्या दशकात मॅग्नेशियमच्या झोताखाली खाणींच्या आत फोटो काढले. त्यांत कामगार पॅस्टी कागदाच्या किंवा कापडाच्या पिशवीत धरून एका टोकापासून खाताना दिसतात. पिशवी असल्यावर मुरड टाकायचं कारण उरत नाही. शिवाय ज्या घरांत पिठाची चणचण असे, तिथला माणूस भाजलेली कड रोज फेकून देईल हेही पटत नाही.

या कामगारांचं पबशी नातं सरळ नव्हतं. धर्मप्रचारक जॉन वेस्ली 1743 मध्ये पहिल्यांदा कॉर्नवॉलला आला आणि त्याने सुरू केलेल्या मेथॉडिझम या ख्रिस्ती पंथाने खाणींचा मुलूख व्यापला. ग्वेनॅपजवळ जमीन खचून झालेल्या एका मोठ्या खळग्यात त्याने 1762 ते 1789 या काळात अठरा वेळा प्रवचन केलं. तो खळगा खाणकामामुळेच खचला असं मानतात. पुढे एकोणिसाव्या शतकात इथे दारूबंदीची चळवळ जोरात चालली आणि खाणगावांत चॅपल (मेथॉडिस्टांचं प्रार्थनाघर) विरुद्ध पब असे सरळ दोन तट पडले. त्याला कारणही होतं. देशात अनेक ठिकाणी मजुरी पबमध्येच वाटली जायची आणि घरी पोचेपर्यंत त्यातली बरीचशी उडालेली असायची. 1883 मध्ये पार्लमेंटला पबमध्ये पगार वाटण्यावर कायद्याने बंदी घालावी लागली.

1866 मध्ये तांब्याचे भाव कोसळले आणि खाणी धडाधड बंद पडल्या. कॉर्निश माणसं त्याआधीपासूनच जगभर पांगू लागली होती, आता लोंढे सुटले. जॉन टेलर या खाण-उद्योजकाने 1824 मध्ये मेक्सिकोतल्या रेआल देल मोंते इथल्या चांदीच्या खाणींसाठी कंपनी काढली आणि कॉर्निश कामगार तिथे नेले. आज त्या गावात आणि शेजारच्या पाचुकात ‘पास्ते’ विकतात. आत मिरची असते, मोले हा मेक्सिकन मसालेदार रस्सा असतो, गोड हवं तर अननसही. अमेरिकेत मिशिगनच्या तांब्याच्या पट्ट्यात कॉर्निश लोकांमागून आलेल्या फिनिश कामगारांनी पॅस्टी इतकी आपली केली की तिथे ती फिनिश वाटावी. टेलरच्या वारसांचीच जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी 1880 मध्ये कोलारला आली. आपण ज्याला केजीएफ म्हणतो त्या सोन्याच्या खाणींत वरच्या कामांवर कॉर्निश माणसं होती. तिथले बंगले, क्लब आणि चर्च त्यांच्या काळाची साक्ष देतात, पण पॅस्टी तिथे मेक्सिकोसारखी रस्त्यावर उतरली नाही. कोलारला खाली उतरणारा मजूर बहुतांशी तमिळ होता, त्याचा डबा वेगळा होता.

तिकडे पबचं स्वतःचं वेगळंच रामायण चालू होतं. 1830 च्या बिअरहाउस कायद्याने दोन गिनी (जुनं इंग्रजी चलन) भरून कुणाही करदात्याला घरात बिअर विकायची मुभा दिली आणि गल्लोगल्ली बिअरघरं उघडली. हळूहळू मोठ्या ब्रुअरींनी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्यांनी, पब विकत घेतले. कमाई बिअरवर होती, त्यामुळे स्वयंपाकघराची कुणाला पडली नव्हती. व्हिनेगरमधली अंडी, पोर्क पाय (डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री), पाव-चीज, क्रिस्प्स (बटाट्याचे वेफर्स), इतपतच मजल. त्यात पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून दुपारी पब बंद ठेवायचा नियम आला. युद्ध संपलं तरी तो राहिला. इंग्लंडमध्ये पब दिवसभर उघडा ठेवायची परवानगी मिळाली ती थेट 1988 मध्ये. जिथे ऐन दुपारी दार लावून घ्यायचं, तिथे निवांत जेवण कसलं?

पुढच्याच वर्षी सरकारने दोन हजारांहून जास्त पब बाळगणाऱ्या ब्रुअरींना काही पबवरचा ताबा सोडायला लावला. बाजारात पब विकायला आले. 1991 मध्ये मायकेल बेल्बेन आणि डेव्हिड आयर यांनी लंडनच्या क्लार्कनवेल भागात ‘द ईगल’ घेतला, बारच्या मागेच चूल मांडली आणि पदार्थांची नावं फळ्यावर लिहिली. गॅस्ट्रोपबची, म्हणजे चांगल्या जेवणासाठी ओळखल्या जाणाऱ्या पबची, सुरुवात इथली मानतात. 2007 मध्ये इंग्लंडच्या पबांत धूम्रपानबंदी आली आणि नुसत्या पिणाऱ्यांवर भागेना, तेव्हा उरलेल्यांनाही जेवणाकडे वळावंच लागलं. अशा वेळी ओव्हनमध्ये टाकली की काम झालं, वेगळा आचारी नको, ही पॅस्टीची जुनी सोय पबच्या कामी आली.

पॅस्टी पबमध्ये आणि रेल्वे स्टेशनांवर पसरली तशी नक्कलही वाढली. कॉर्निश पॅस्टी असोसिएशनने 2002 पासून पाठपुरावा केला आणि 2011 मध्ये युरोपीय संघाने ‘कॉर्निश पॅस्टी’ला भौगोलिक निर्देशांक दिला. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनच्या स्वतःच्या नोंदणीतही तो कायम आहे. नियम कडक आहेत: किमान 12.5 टक्के बीफ, किमान 25 टक्के भाज्या, मुरड कडेला, वर नाही, आणि गाजराला मज्जाव. पॅस्टी कॉर्नवॉलमध्येच भरलेली हवी, पण भाजायची दुसरीकडे चालते. म्हणजे लंडनच्या पबने कच्ची गोठवलेली पॅस्टी मागवून आपल्या ओव्हनमध्ये भाजली तरी ती अस्सलच. मार्च 2012 मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी गरम विकल्या जाणाऱ्या पॅस्टीवर 20 टक्के व्हॅट सुचवला, तेव्हा कॉर्नवॉलमध्ये लोक रस्त्यावर आले. मे संपता संपता सरकारला माघार घ्यावी लागली.

आपल्याकडून जाणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: फळ्यावर ‘कॉर्निश पॅस्टी’ लिहिलं असेल तर आत बीफ आहेच. शाकाहारी माणसाला चीज-कांद्याची पॅस्टी बहुतेक ठिकाणी मिळते, ती कॉर्निश म्हणून विकता येत नाही एवढंच. पण मागवण्याआधी आवरणात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, आहे का ते काउंटरवर विचारून घ्यावं. जुन्या पद्धतीच्या पिठात ती असते.