चेटकीण : लोकप्रिय संस्कृतीतील चित्रण

पाश्चात्त्य कथा, रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांतून चेटकिणीची जी प्रतिमा घडली, तिच्यातील झाडू, कढई, काळे मांजर ही सामग्री फारशी बदललेली नाही. तिच्याविषयीची भीती, कुतूहल किंवा आपुलकी मात्र स्त्रीच्या हातातील सामर्थ्याकडे त्या त्या काळचा समाज कसा पाहत होता, यानुसार बदलत गेली.

मुद्रणकलेच्या आरंभकाळात ही प्रतिमा करमणुकीसाठी नव्हती. हान्स बाल्डुंग या जर्मन चित्रकाराच्या १५१० च्या काष्ठठशात वाफाळत्या भांड्याभोवती बसलेल्या नग्न स्त्रिया दिसतात आणि त्यांच्या वर, बोकडाच्या शेपटीकडे तोंड करून बसलेली एक स्त्री आकाशातून जाताना दिसते. चेटकाच्या आरोपावरून यूरोपात पुढे झालेल्या खटल्यांचा काळ धरता ४० ते ६० हजार माणसांना देहदंड झाला असावा, असा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. खटले थांबल्यावर चेटकीण बालकथांतील रानात एकटी राहणारी म्हातारी झाली.

पहिले मोठे वळण अमेरिकेत आले. एल. फ्रँक बॉम यांनी १९०० साली ‘ऑझ’ या काल्पनिक जादुई देशाच्या बालकथेत दुष्ट चेटकिणींबरोबर सुष्ट चेटकिणीही आणल्या. त्यांच्या सासूबाई मटिल्डा जॉस्लिन गेज या स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्या होत्या आणि चेटकिणींचा छळ हा स्त्रियांवरील धर्मसत्तेचा अत्याचार होता, असे त्यांनी १८९३ मध्येच लिहिले होते. या नात्याकडे दुर्लक्ष करून बॉम यांच्या चेटकिणी नीट समजत नाहीत. मात्र या कथेवरील १९३९ च्या चित्रपटात सुष्ट चेटकीण देखणी आणि दुष्ट चेटकीण कुरूप, अशी सरळ विभागणी झाली. मूळ पुस्तकात नसलेला दुष्ट चेटकिणीचा हिरवा चेहरा टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या तंत्रामुळे पडद्यावर उठून दिसला आणि पुढे तोच तिची ओळख बनला.

१९५३ मध्ये आर्थर मिलर यांनी अमेरिकेतील सेलम येथे १६९२ मध्ये चेटकाच्या आरोपावरून झालेल्या खटल्यांवर नाटक लिहिले, ते अमेरिकेत चाललेल्या कम्युनिस्टांच्या शोधमोहिमेच्या वातावरणात. येथे संशयाची नजर चेटकिणीवरून आरोप करणाऱ्यांकडे वळली.

सर्वांत बोलके उदाहरण १९६४ ते १९७२ या काळात चाललेल्या ‘बिविच्ड’ या दूरचित्रवाणी मालिकेचे आहे. तिची नायिका सामान्था ही चेटकीण नाकाची हालचाल करून क्षणात घरकाम उरकू शकते, पण नवऱ्याला ती जादू नको आहे. तिने साध्या गृहिणीसारखे राहावे, एवढाच त्याचा आग्रह असतो. बेटी फ्रीडन यांचे गृहिणींच्या घुसमटीवरील पुस्तक आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते. घरात दडवून ठेवलेल्या कर्तृत्वाची ही गोष्ट विनोदी मालिकेत सांगितली गेली, म्हणूनच ती घरोघरी पोहोचू शकली. १९६८ च्या हॅलोविनला, म्हणजे भुताखेतांचे वेश करण्याच्या ३१ ऑक्टोबरच्या सणाला, तर न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर स्त्रीमुक्ती चळवळीतील कार्यकर्त्यांनी चेटकिणींचा वेश करून निदर्शने केली.

१९९० नंतर किशोरवयीन चेटकिणींच्या मालिका आल्या आणि ‘ऑझ’मधील दुष्ट चेटकिणीची कहाणी सांगणारी ‘विकेड’ ही १९९५ ची कादंबरी व तिच्यावरील २००३ ची संगीतिका यांत हिरवा रंग जन्मजात वेगळेपणाचे आणि त्यापायी सोसाव्या लागणाऱ्या तिरस्काराचे चिन्ह ठरला. तरीही या नव्या नायिका बहुधा तरुण व देखण्या आहेत. सेलमच्या खटल्यांतील टिटुबा ही गुलाम स्त्री दीर्घकाळ इतरांच्या कथेतील दुय्यम पात्र होती. ग्वादलूप या कॅरिबियन बेटावरील लेखिका मारिझ काँदे यांनी १९८६ मध्ये तिला कादंबरीची निवेदक केले, तेव्हा तिची कहाणी तिच्याच तोंडून सांगितली गेली.