कमांड लाइनवरून क्लिपबोर्डचा वापर
टर्मिनलमध्ये चालवलेल्या आज्ञेचा निकाल थेट क्लिपबोर्डवर ठेवण्याची, किंवा क्लिपबोर्डवरचा मजकूर आज्ञेला पुरवण्याची पद्धत. माउसने निवडून कॉपी करताना शेकडो ओळींचा मजकूर सरकवत बसावे लागते. पाइपमधून (एका आज्ञेचा निकाल दुसरीला पुरवणाऱ्या ‘|’ चिन्हाने) पाठवलेला मजकूर मात्र एका आज्ञेत सबंध पोहोचतो.

मॅकओएसमध्ये क्लिपबोर्डवर लिहिणारी ‘पीबीकॉपी’ आणि तो वाचणारी ‘पीबीपेस्ट’ या आज्ञा मुळातच असतात. विंडोजची ‘क्लिप’ ही आज्ञा क्लिपबोर्डवर केवळ लिहिते. वाचण्यासाठी पॉवरशेलमधील ‘गेट-क्लिपबोर्ड’ वापरावी लागते.

लिनक्सवर पडद्यावरील खिडक्या सांभाळणाऱ्या, बराच काळ प्रचलित असलेल्या एक्स विंडो प्रणालीची रचना मुळातच निराळी आहे, आणि ती समजल्याखेरीज तिथल्या अडचणींचा उलगडा होत नाही. या प्रणालीत कॉपी केलेला मजकूर साठवणारी मध्यवर्ती जागा नसते. कॉपी करणारा प्रोग्रॅम फक्त ‘मजकूर माझ्याकडे आहे’ अशी मालकी जाहीर करतो आणि पेस्ट करणाऱ्या प्रोग्रॅमने मागणी केल्यावरच तो देतो. त्यामुळे कॉपी झालेला मजकूर स्वतःकडे जपणारा क्लिपबोर्ड व्यवस्थापक चालू नसेल, तर मालक प्रोग्रॅम बंद होताच मजकूरही नाहीसा होतो. मजकूर कॉपी करणारी येथील ‘एक्सक्लिप’ ही आज्ञा संपल्यासारखी दिसली तरी पार्श्वभूमीत जिवंत राहते, ती याच कारणाने. शिवाय येथे निवडी (सिलेक्शन) एकाहून अधिक असतात : माउसने नुसता निवडलेला मजकूर ‘प्रायमरी’त जातो व मधल्या बटणाने पेस्ट होतो, तर कंट्रोल-सीने कॉपी केलेला ‘क्लिपबोर्ड’ या निवडीत जातो. एक्सक्लिप काही न सांगितल्यास प्रायमरी वापरते, म्हणून कंट्रोल-व्ही दाबल्यावर भलताच जुना मजकूर उमटतो. आज्ञेसोबत पर्याय देऊन ‘क्लिपबोर्ड’ निवड स्पष्ट सांगणे हाच यावरचा उपाय आहे. एक्सऐवजी वापरल्या जाणाऱ्या वेलँड या नव्या प्रणालीवर हेच काम ‘डब्ल्यूएल-कॉपी’ व ‘डब्ल्यूएल-पेस्ट’ करतात.

एसएसएचने (नेटवर्कवरून सुरक्षित जोडणी करण्याच्या पद्धतीने) जोडलेल्या दूरच्या संगणकावर या आज्ञा चालवल्यास त्या सहसा वापरकर्त्यासमोरच्या क्लिपबोर्डपर्यंत पोहोचत नाहीत. तेथे ‘ओएससी ५२’ हा एस्केप क्रम (टर्मिनलला सूचना देणारा चिन्हांचा क्रम) उपयोगी पडतो : मजकूर बेस-६४ या साध्या अक्षर-अंकांच्या रूपात टर्मिनलकडे जातो आणि टर्मिनल तो स्थानिक क्लिपबोर्डवर ठेवते. याच मार्गाने क्लिपबोर्ड वाचण्याची मुभा मात्र अनेक टर्मिनल देत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण तसे झाल्यास दूरच्या यंत्रावरील कोणताही प्रोग्रॅम तो वाचू शकेल.

विंडोजवर मजकुराचे एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) आणि कन्सोलचे कोड पेज (कन्सोल मानत असलेली तशीच पद्धत) जुळत नसल्यास देवनागरी अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. मजकूर छापणारी ‘एको’ आज्ञा शेवटी नवी ओळ जोडते, जी टर्मिनलमध्ये पेस्ट होताच अपुरी आज्ञाही चालू करू शकते. अशा वेळी आपणहून नवी ओळ न जोडणारी ‘प्रिंटएफ’ वापरणे श्रेयस्कर.

पासवर्डच्या बाबतीत अधिक सावधगिरी लागते, कारण क्लिपबोर्डवरचा मजकूर त्याच सत्रातील इतर प्रोग्रॅमही वाचू शकतात. ‘पास’ हा पासवर्ड व्यवस्थापक यासाठीच कॉपी केलेला पासवर्ड ४५ सेकंदांनी पुसतो, तर डब्ल्यूएल-कॉपीला एकदाच पेस्ट करू देण्याचा पर्याय देता येतो.