दोन-तीनदा मिसकॅरेज झाल्यावर मिळणाऱ्या लांबलचक चिठ्ठीतलं काय खरंच उपयोगी?

दोन-तीन मिसकॅरेज झाले की पुढच्या वेळच्या तयारीची चिठ्ठी लांबतच जाते. फॉलिक ॲसिड तर असतंच, त्याखाली इकोस्प्रिन ७५ (म्हणजे कमी डोसचं ॲस्पिरिन), प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन, रक्त पातळ ठेवायला पोटावर टोचायचं हेपॅरिन, व्हिटॅमिन डी३चे सॅशे, कोक्यू१० आणि मायो-इनोसिटॉल ही सप्लिमेंट्स, आणि वर मावशींनी कुणाकडून तरी आणलेली पुडी वेगळीच. यातलं नक्की काय कशासाठी आहे विचारलं की "घ्या, नुकसान तर काही नाही ना" असं ऐकायला मिळतं. मला खटकतं ते हेच वाक्य, कारण याच विषयात नुकसान झालेलं आहे आणि चांगलंच मोठं झालेलं आहे.

अमेरिकेत १९४० च्या दशकात डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भ टिकावा म्हणून द्यायला लागले. १९५३ मध्ये शिकागोत दीड हजाराहून जास्त गरोदर बायकांवर नीट चाचणी झाली, काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. फायदा शून्य. तरीही डॉक्टर पुढे जवळजवळ वीस वर्षं ती लिहून देत राहिले! १९७१ मध्ये बॉस्टनमध्ये कोवळ्या वयाच्या मुलींना योनीमार्गाचा अतिशय दुर्मिळ कॅन्सर झालेला दिसला, शोध घेतला तर बहुतेकींच्या आयांनी त्या पोटात असताना डीईएस घेतलेलं. कॅन्सर थोड्याच जणींना झाला, पण पोटात असताना डीईएस मिळालेल्या मुलींपैकी अनेकींना पुढे स्वतःचं मूल टिकवणंही अवघड गेलं.

मग इतकी वर्षं सगळ्यांना ते लागू पडतंय असं का वाटत होतं? कारण कारण न सापडलेल्या वारंवार मिसकॅरेजमध्ये (आणि जवळपास निम्म्या जोडप्यांना कारण सापडतच नाही) पुढची प्रेग्नन्सी बऱ्याचदा आपली आपणच टिकते. लिव्हरपूलच्या एका क्लिनिकने १९९९ मध्ये अशा बायकांचा पाठपुरावा छापला, पुढच्या वेळी दिवस राहिल्यावर साधारण ७५ टक्के जणींची प्रेग्नन्सी टिकली, औषध न देता, फक्त लक्ष ठेवून आणि धीर देऊन. वय वाढलं किंवा आधीचे मिसकॅरेज जास्त असले की हा आकडा खाली येतो, पण मुद्दा तोच. मृगाच्या तोंडावर धोंडी काढली आणि चार दिवसांनी पाऊस आला तर श्रेय धोंडीलाच जातं, तसं त्या वेळी जे काही चालू असेल त्याला बाळाचं श्रेय मिळतं. म्हणून इथे "माझ्या नणंदेला लागू पडलं" याला फारसा अर्थ नाही, ज्यांना औषध दिलं नाही त्यांचं काय झालं हे शेजारी ठेवून बघावंच लागतं.

प्रोजेस्टेरॉनचं असं बघितलं गेलंय आणि उत्तर गमतीशीर आहे. २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत कारण न सापडलेल्या ८३६ बायका होत्या, टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा खालून ठेवायची. जिवंत बाळ झालं ६५.८ टक्के जणींना, औषध नसलेल्या गटात ६३.३, म्हणजे ठामपणे फरक म्हणावा असं काही नाही. २०१९ मध्ये चार हजारांवर बायकांची दुसरी चाचणी आली, यांना सुरुवातीच्या आठवड्यांत ब्लीडिंग होत होतं. एकूणात फरक थोडाच, पण ज्यांचे आधी तीन किंवा जास्त मिसकॅरेज झाले होते त्यांच्यात ७२ विरुद्ध ५७ टक्के! त्यावरून उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये सांगितलं की आधी मिसकॅरेज झालेलं असेल आणि आता ब्लीडिंग होतंय, तर प्रोजेस्टेरॉन द्या. म्हणजे ब्लीडिंग झालं तर लगेच फोन कोणाला करायचा आणि गोळी कुठून आणायची हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

इकोस्प्रिन आणि हेपॅरिन मात्र सरसकट सगळ्यांना दिलं जातं तेव्हा मला प्रश्न पडतो. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम असेल, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या अँटिबॉडीज शरीरातच तयार होत असतील, तर ही जोडी खरंच उपयोगाची: १९९७ च्या लंडनच्या चाचणीत नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्के जणींना बाळ झालं, सोबत हेपॅरिन दिल्यावर ७१. पण या अँटिबॉडीज एकदा पॉझिटिव्ह येऊन चालत नाही, किमान १२ आठवड्यांनी परत तपासाव्या लागतात, कारण साध्या इन्फेक्शननेही त्या तात्पुरत्या वाढतात. आणि ज्यांना कारणच सापडलेलं नाही त्यांचं काय? नेदरलँड्सच्या २०१० च्या चाचणीत दोन्ही औषधं घेणाऱ्यांत ५४.५, नुसतं ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ५०.८ आणि औषध नसलेल्या गटात ५७ टक्के जणींना बाळ झालं. रोज पोटावर सुई टोचून घ्यायची, निळे डाग बघायचे, आणि हाती काही नाही. २०२३ मध्ये तर रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असलेल्यांनाही हेपॅरिनने फरक पडला नाही असं निघालं.

थायरॉईड खरंच कमी असेल तर गोळी हवीच, डायबिटीस असेल तर दिवस राहण्याआधी शुगर ताब्यात हवी, यात वाद नाही. पण टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) नॉर्मल आणि फक्त थायरॉईडविरोधी अँटिबॉडीज पॉझिटिव्ह म्हणून थायरॉक्सिन दिलं तर? २०१९ च्या चाचणीत थायरॉक्सिन घेणाऱ्यांत ३७.४ टक्के जणींना बाळ झालं, औषध नसलेल्या गटात ३७.९.

फॉलिक ॲसिडची गोष्ट वेगळी, आणि ती आपल्या परळपर्यंत येते. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या ॲनिमियाचा शोध घ्यायला, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिचं काम चालायचं, आणि तिला दिसलं की यीस्टच्या अर्काने तो बरा होतो. त्यातला गुणकारी घटक म्हणजे पुढे सापडलेलं फोलेट. ते मिसकॅरेज टाळतं असं सिद्ध झालेलं नाही, ते बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी असतं, आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, कित्येकींना तोवर पाळी चुकल्याचंही नीट लक्षात आलेलं नसतं. म्हणून प्रयत्न सुरू करायच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम. डायबिटीस असेल, फिटच्या गोळ्या चालू असतील किंवा आधीच्या बाळाच्या मेंदू-मणक्यात असा दोष असेल तर ५ मिलिग्रॅम, पण ते डॉक्टर ठरवतील.

नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचायची इम्युनोथेरपी अजून आपल्याकडे मिळते. १९९९ च्या अमेरिकन चाचणीत ती घेणाऱ्यांना ३६ टक्के यश, न घेणाऱ्यांना ४८!

सप्लिमेंट्सचं थोडक्यात सांगते. डी कमी असेल तर भरून काढा, हाडांसाठी तरी उपयोग. कोक्यू१०, डीएचईए, इनोसिटॉल यांनी वारंवार होणारं मिसकॅरेज थांबतं असा पुरावा नाही, आणि डीएचईए तर हार्मोन आहे, जिमवाल्या डब्यासारखं मागवायची वस्तू नाही. मल्टिव्हिटॅमिनच्या मागे रेटिनॉल (व्हिटॅमिन ए) किती ते वाचा, रोज १०,००० युनिटच्या वर बाळाला धोका. पुड्यांबद्दल एवढंच की २०११-१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याला सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं, सगळ्याच जणी भारतात बनलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर ती तोंडात टाकूच नका, कोणी कितीही प्रेमाने दिली असली तरी.

आणि उलट बाजू, चालू असलेली औषधं. पिंपल्सचं आयसोट्रेटिनॉइन, मेथोट्रेक्सेट, बीपीच्या काही गोळ्या, फिटचं व्हॅल्प्रोएट ही दिवस राहण्याआधी बदलायला लागतात, पण फिटची गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करणं हाही जिवावरचा धोका आहे, तेव्हा आधी न्यूरॉलॉजिस्टला भेटा, मग गायनॅककडे यादी घेऊन जा, त्यात नवऱ्याची औषधंही लिहा, जिममध्ये टेस्टोस्टेरॉन घेत असेल तर ते आधी, कारण त्याने स्पर्म जवळजवळ शून्यावर येऊ शकतात.