कत्तलखान्याचे सांडपाणी: रक्त, चरबी आणि उरलेले नत्र

शिकागोचे युनियन स्टॉक यार्ड १८६५ मध्ये सुरू झाले आणि आसपासच्या मांसप्रक्रिया कारखान्यांचे रक्त, चरबी, आतड्यांतला मळ शिकागो नदीच्या एका फाट्यात जाऊ लागले. बबली क्रीक म्हणतात तो हाच. तळाचा गाळ कुजून वायूचे बुडबुडे सतत वर येत. १९०० मध्ये कालवा काढून नदीचा प्रवाह उलटा फिरवला गेला. त्याने घाण फक्त दुसरीकडे गेली.

किती घाण, हे आकड्यांत मांडायची सोय नंतर झाली. ब्रिटनच्या रॉयल कमिशनने १९१२ मध्ये नदीत सोडायच्या पाण्यासाठी पाच दिवसांच्या बीओडीला (घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला किती ऑक्सिजन खातात त्याचे माप) लिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. घरगुती सांडपाण्याची बीओडी साधारण २०० ते ३०० असते, कत्तलखान्याची बहुधा १,००० ते ४,००० आणि निव्वळ रक्ताची दीड लाखाच्या घरात. त्यामुळे रक्त धुण्याच्या पाण्यात मिसळण्याआधीच वेगळे गोळा करणे, यापेक्षा स्वस्त शुद्धीकरण आजही नाही.

१९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी सक्रिय गाळाची, म्हणजे पाण्यात हवा भरून जिवाणूंकडून घाण खाऊन घेण्याची पद्धत मांडली. पण इतक्या दाट पाण्यात हवा भरायची तर विजेचा खर्च फार. म्हणून १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या मांस कारखान्यांनी बंद टाकीत, हवेविना घाण कुजवण्याचा मार्ग धरला; त्यातून बायोगॅस निघतो. १९७० च्या दशकात नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनला लेटिंगा यांनी पाणी खालून वर, गाळाच्या थरातून नेणारी यूएएसबी टाकी विकसित केली. तिचा शत्रू चरबी. ती गाळाच्या कणांना चिकटते, कण हलके होऊन तरंगतात आणि जिवाणूंसकट वाहून जातात. त्यासाठी आधी बारीक जाळी, मग पाण्याचा कमीजास्त ओघ सारखा करणारी समतोल टाकी आणि सूक्ष्म बुडबुड्यांनी चरबी वर आणणारे डीएएफ, हा क्रम पाळावाच लागतो.

वराहपालकांनी मात्र उघडी तळी पसंत केली. १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात अशाच एका तळ्याचा बांध फुटला आणि सुमारे साडेनऊ कोटी लिटर मलमूत्र न्यू रिव्हरमध्ये गेले. युरोपने १९९१ मध्येच नायट्रेटच्या प्रदूषणाचा धोका असलेल्या क्षेत्रांत शेणखत-मूत्रातल्या नत्राला हेक्टरी वर्षाला १७० किलोची मर्यादा घातली होती. ती घालावी लागली, कारण जास्तीचे नत्र नायट्रेट होऊन पाण्यात उतरते. बायोगॅस टाकीही कार्बन खाते, नत्र खात नाही. ते अमोनिया होऊन पाण्यातच राहते. जवळ पुरेशी जमीन असेल तर हेच पाणी चांगले खत आहे, फक्त क्षार आणि सोडियम तपासून घ्यावे.

जमीन नसेल तर अमोनियाचे आधी नायट्रेट आणि मग नायट्रोजन वायू करावा लागतो. इथेच नेहमी फसगत होते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्रामागे सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) खर्च होते. ती संपली की सामू घसरतो आणि क्रिया थांबते. दुसऱ्या टप्प्यातल्या जिवाणूंना खायला कार्बन लागतो, पण तो तर बायोगॅसमध्ये निघून गेलेला असतो. अशा वेळी डीएएफनंतरच्या पाण्याचा काही भाग बायोगॅस टाकी टाळून सरळ पुढे सोडावा.

शेवटी गाळून, निर्जंतुक करून मिळालेले पाणी गुरांच्या वाड्याची जमीन किंवा ट्रक पहिल्यांदा धुवायला चालते. मांसाला किंवा ते ठेवायच्या पृष्ठभागाला ते लागता कामा नये, आणि त्याची नळवाहिनी पिण्याच्या पाण्यापासून पूर्ण वेगळी हवी.