फायटिंग गेमचं म्युझिक नव्यानं बसवून घ्यायचं आहे? आधी हे वाचा

आमचा स्टुडिओ गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाचा. झाडीपट्टीच्या नाटकांचं संगीत हे आमचं मुख्य काम, पण आता गेम बनवणारी कॉलेजची पोरंही येतात, जुन्या फायटिंग गेमची ट्यून मोबाईलवर वाजवून दाखवतात आन म्हणतात, भाऊ याले ढोलकी लावून द्या. लावून देतो. पण काही गोष्टी तुम्हाला आधी माहीत असल्या तर काम लवकर होते आणि चांगलंही होते.

फायटिंग गेममधे म्युझिक एकटं वाजतच नाही, वरून बुक्क्या, लाथा, ओरडणं सुरूच राहते. ढोलकीची थाप आणि बुक्कीचा धप्प एकाच जागी ऐकू येतात, त्यामुळं ठेका भरगच्च ठेवला तर मार बसला का थाप पडली हेच खेळणाऱ्याला समजत नाही. म्हणून मारामारी चालू असताना आम्ही ठेका मोकळा ठेवतो, टाळ आणि बारीक घुंगरू जास्त, आणि खरी ढोलकी राऊंड सुरू होताना नाहीतर कोणी जिंकल्यावर सोडतो. तुमच्या गेममधले माराचे आवाज सोबत आणा, ते ऐकल्याशिवाय आम्ही ठेका बांधत नाही.

ट्यून आणताना खेळतानाच्या व्हिडिओतून काढू नका. सुपर निन्टेंडो या जुन्या गेम मशीनवर म्युझिक आणि मार मिळून एकूण ८ आवाज, मार वाजला की म्युझिकातला एखादा सूर तेवढ्यापुरता गायब होऊ शकते, मग आम्हाला अर्धी धून अंदाजानं भरावी लागते. बऱ्याच गेममधे साऊंड टेस्ट असते, म्हणजे नुसतं म्युझिक वाजवून ऐकायचा मेनू, तिथून रेकॉर्ड करा.

वाद्य निवडणं आमच्यावर सोडलं तर बरं. जुन्या गेम मशीनच्या आवाजाच्या चिपवर घसरत जाणारा सूर पेटीवर निघत नाही, तो सनईवर येते. आणि आवाज मोजके असल्यामुळं जुन्या म्युझिकात कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजायचे, सूर भर्रकन एकामागून एक वाजवायचे, ते माणसाच्या बोटानं त्या स्पीडला होत नाही. आम्ही पेटीवर पूर्ण कॉर्ड धरतो आणि ती भर्रभर्र घुंगराकडे देतो, चाल तशीच राहते.

१९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मधे हेल्थ कमी झाली की म्युझिक जोरात पळते, तसं बऱ्याच जणांना पाहिजे असते. रेकॉर्डिंग नुसतं पळवलं तर ६ टक्क्यातच पांढरी एकचं गाणं काळी एकमधे, म्हणजे पेटीच्या पुढच्या पट्टीत जाते, म्हणून जलद चाल आम्ही वेगळी वाजवून घेतो. १५० च्या टेम्पोला चार मात्रांचे ३२ बार म्हणजे ५१.२ सेकंद, एवढा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, पुरतो. फाईल ओजीजी देऊ, एमपीथ्रीत सुरुवातीला-शेवटी बारीक गॅप येतो आणि लूप अडखळते.

परवानगीचं मात्र स्पष्ट सांगतो. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात धून नव्यानं बसवणं हा मालकाचाच हक्क आहे, नाव खाली लिहिलं म्हणजे परवानगी झाली असं होत नाही. गेम विकायचा असेल तर लेखी परवानगी आणा, नाहीतर आम्ही नवीन धून करून देऊ, दंडारीच्या, म्हणजे झाडीपट्टीतल्या लोकनाट्याच्या, ठेक्यावर मारामारी काय उठते ते एकदा ऐकाच.

दिवाळीपासून होळीपर्यंत आमचे वाजवणारे रात्रभर नाटकात असतात, त्या दिवसांत दुपारनंतरच या आणि आधी फोन करून या.