विसर्ग की अपूर्णविराम?

पुस्तक स्कॅन केलं की अंध वाचकाला ते लगेच ऐकता येतं, असा समज बराच पसरलेला आहे. स्कॅनमधून हाती येतं ते पानाचं छायाचित्र. त्यातली अक्षरं ओसीआर हे सॉफ्टवेअर ओळखतं आणि मग स्क्रीन रीडर ती बोलतो किंवा ब्रेलमध्ये उमटवतो. या दोहोंच्या मध्ये मुद्रितशोधक असतो, आणि त्याचा जीव टिंबांत अडकलेला असतो.

३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने, अर्ध्या मिलिमीटरचा पूर्णविराम जेमतेम सहा पिक्सेल रुंद भरतो. कागदावरचा डागही तेवढाच असू शकतो. डाग पुसणारा फिल्टर जरा जास्त लावला की पूर्णविराम जातात, अनुस्वारही जातात आणि दोन वाक्यं एका दमात ऐकू येतात.

पण खरी गंमत दोन टिंबांच्या जोडीत आहे. ‘दुःख’ आणि ‘दु:ख’ नीट पाहा. पहिल्यात विसर्ग आहे, युनिकोड (संगणकावर प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत) क्रमांक ०९०३. दुसऱ्यात अपूर्णविराम, म्हणजे इंग्रजीतला कोलन, क्रमांक ००३ए. विसर्ग अक्षराला चिकटतो, त्याला उच्चार आहे. अपूर्णविराम पडला तिथे शब्द संपला, असं सॉफ्टवेअर समजू शकतं. मग आवाज ‘दु’पाशी तुटतो आणि ‘ख’ एकटाच येतो. सेटिंग तसं असेल तर मध्ये ‘कोलन’ही ऐकू येतं. ‘दुःख’ शोधायला गेलं तर ‘दु:ख’ सापडत नाही, ते वेगळंच.

मग सगळे अपूर्णविराम एकदम बदलून टाकावेत का? तसं केलं तर ‘९:३०’चं वाटोळं होतं. पुढे-मागे देवनागरी अक्षर असेल तरच बदला, हा नियम ‘अंत:करण’, ‘नि:शब्द’ यांना पुरतो. शब्दाच्या शेवटी मात्र पंचाईत होते. ‘मुख्यत:’मध्ये विसर्ग हवा. ‘माझे मत:’ असं लिहून पुढे म्हणणं मांडलं असेल तर अपूर्णविराम हवा. दोन्हीकडे ‘त’ आणि दोन टिंबं! इथे वाक्य वाचून अर्थ लावावाच लागतो.

‘९९ टक्के अचूक’ अशी जाहिरात दिसली की मी आधी गुणाकार करतो. पानावर २००० चिन्हं असतील तर २० चुका. त्या पानभर सारख्या विखुरलेल्या असतील असंही नाही, बारीक चिन्हांवर त्या जास्त पडतात. आपोआप सुधारणा करणारं एआय तर जिथे शोभेल तिथे स्वल्पविराम घालतं. लेखकाने तो घातला होता का, हे पान पाहिल्याशिवाय कळत नाही.

ओळीच्या शेवटच्या संयोगचिन्हाचंही तसंच. ‘सूर्य-’ आणि खालच्या ओळीत ‘प्रकाश’ असेल तर चिन्ह काढायचं, ‘आई-’ आणि ‘वडील’ असेल तर ठेवायचं. ‘पृष्ठे १२-’ आणि खाली ‘१५’ असताना ते सरसकट काढलं, तर ऐकणारा बाराशे पंधरावं पान शोधत बसतो.