म्हातारपणी छंद सुटतो तेव्हा: ‘आता नको वाटतं’ या उत्तरामागे काय आहे?

जर्मनीत १८८९ साली वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा झाला तेव्हा वयाची अट ७० होती, १९१६ मध्ये ती ६५ वर आली. हाताशी आलेल्या वेळाचं माणूस काय करतो, हे मात्र पुढे कितीतरी वर्षं कुणी नीटसं विचारलं नाही. १९६१ साली अमेरिकेत एक सिद्धान्त मांडला गेला: म्हातारपणी माणूस आणि समाज आपसूक एकमेकांपासून दूर होतात आणि ते दोघांच्याही सोयीचं असतं. त्यावर टीका पुष्कळ झाली, पण ‘वय झालं की हौस जातेच’ हा समज काही गेला नाही.

१९८७ मध्ये अभ्यासकांनी छंद-विरंगुळ्याच्या आड येणाऱ्या गोष्टींचे तीन गट पाडले: मनातल्या, माणसांमाणसांतल्या आणि बाहेरच्या. इथवर ठीक होतं. १९९१ मध्ये त्यांची उतरंड लावली, मनातला अडथळा सर्वांत आधीचा आणि सर्वांत बळकट ठरवला. खरा घोळ इथे झाला.

कमी ऐकू येणारे एक आजोबा पत्ते खेळायला जात. हॉलमध्ये पंख्यांची घरघर, खुर्च्या ओढल्याचा आवाज. कानातलं यंत्र सगळंच मोठं करून ऐकवायचं. दोनदा पान चुकलं, भिडू सगळ्यांदेखत ओरडला. पुढच्या आठवड्यापासून आजोबा गेलेच नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, “आता नको वाटतं.” पाहणीच्या फॉर्मवर याची नोंद ‘आवड नाही’ अशी होते. अडचण होती हॉलच्या गोंगाटात आणि भिडूच्या तोंडात! जवळपास स्वच्छतागृह नाही म्हणून फिरायला जाणं सोडणाऱ्या बाईही सहसा खरं कारण सांगत नाहीत, ते बोलायचा संकोच वाटतो.

१९९३ मध्ये अभ्यासकांची ही भूमिका थोडी सैल झाली: अडथळा आला म्हणून माणूस थांबतोच असं नाही, वाट काढतो. उदाहरणार्थ, उतारवयातला एक नामवंत पियानोवादक मोजक्याच रचना वाजवायचा, त्यांचा रियाज वाढवायचा आणि जलद भागाआधी मुद्दाम लय उतरवायचा, म्हणजे पुढचा भाग जलद भासे.

२००७ मध्ये ३३ शहरांतल्या ज्येष्ठांशी बोलून वयस्नेही, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सहज वावरता येईल अशा, शहरांसाठी मार्गदर्शिका निघाली. बाकं, स्वच्छतागृहं, फुटपाथ, बसच्या पायऱ्या हे सगळं तिच्यात आलं. माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा टप्पा.

२०२० च्या टाळेबंदीत गाण्याचे, वाचनाचे गट व्हिडिओ कॉलवर गेले. ज्यांना फोन हाताळता येईना ते तुटले. पण वर्षानुवर्षं जिना उतरू न शकलेली काही माणसं त्याच काळात पुन्हा गटात आली, आणि सगळं खुलं झाल्यावर बरेच गट पुन्हा वरच्या मजल्यावर भरू लागले.